आधी कोणते दुखणे?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. चाकणच्या बाजूला कारखान्यांनी वेढलेल्या एका गावात ग्रामसभा भरली होती. गावाचे नाव सांगत नाही, कारण हे दुखणे त्या एकाच गावाचे नव्हे. विषयपत्रिकेवर शेवटून दुसरा विषय होता, 'आरोग्याच्या कामांवर चर्चा करणे'. मी पंचायत समितीचा विस्तार अधिकारी, खाते कृषी. माझा विषय त्याच्या आधीचा, म्हणजे माती परीक्षणाच्या पत्रिका वाटण्याचा. तो उरकून मी एका बाजूला बसलो होतो.

आरोग्याचा विषय निघताच तरुण मंडळींनी डासांसाठी धूर सोडण्याचे यंत्र मागितले. दुसऱ्या आळीच्या पोरांना शाळेच्या पटांगणात व्यायामाची साधने हवी होती. कुणी म्हणाले, कंपनीकडे रुग्णवाहिका मागू. कुणी म्हणाले, साखर आणि ब्लडप्रेशर तपासायचे शिबिर घेऊ. ग्रामसेवक भराभर लिहून घेत होते. तेवढ्यात दाराशी बसलेल्या एक आजी उठल्या.

"भाऊसाहेब, ते समदं ऱ्हाऊ द्या. चाळीच्या मागचं गटार आमच्या हापशापाशी आलंय, ते आधी लिवा."

"आजी, ते गटाराच्या विषयात घेऊ," असे उत्तर मिळाले. गटाराचा विषय त्या दिवशी पत्रिकेवर नव्हताच. सभा संपली. चहा झाला. मंडळी पांगली.

श्रावणात जुलाब-उलट्यांची साथ आली. आधी परप्रांतीय मजुरांच्या चाळीत, मग चार दिवसांत जुन्या गावठाणात. ज्या तरुणाने धुराचे यंत्र मागितले होते, त्याचा लहान मुलगा तीन दिवस सलाईनवर होता. पोर वाचले, ही देवाची कृपा. पण मला मात्र त्या आजींचा चेहरा आठवून झोप येईना. मातीचे परीक्षण केल्याशिवाय खताची गोणी फोडू नका, असे आयुष्यभर सांगत फिरणारा मी त्या दिवशी मांडीवर माती परीक्षणाच्या पत्रिका घेऊन बसलो होतो. आणि गावाने परीक्षणाशिवाय आरोग्याच्या गोण्या मागितल्या, तेव्हा मी तोंडातून एक शब्द काढला नाही.

शेतकरी बंधू-भगिनींनो, हा लेख त्या गप्प बसण्याची भरपाई म्हणून लिहीत आहे.

पिपाची सगळ्यात आखूड फळी

बी.एस्सी. अ‍ॅग्रीला आम्हाला लीबिग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाचा एक नियम शिकवीत. पिकाचे उत्पादन हे ज्या अन्नद्रव्याची जास्तीत जास्त टंचाई आहे, त्यावर अडते. जमिनीत जस्त कमी असेल, तर वरून कितीही युरिया टाका, पीक पिवळेच राहणार. लाकडी पिपाच्या फळ्या लहानमोठ्या असतील, तर पाणी सर्वात आखूड फळीपर्यंतच भरते. बाकीच्या फळ्या उंच केल्या तरी उपयोग नाही.

गावाच्या आरोग्याचेही तसेच आहे. पिण्याच्या पाण्यात गटार मिसळत असेल, तर व्यायामाची साधने आणून काय होणार? म्हणून पहिला प्रश्न 'काय काय पाहिजे' हा नसावा. आपली आखूड फळी कोणती, हा असावा. सगळीच दुखणी खरी असतात. पण पैसा, माणसे आणि वेळ मोजका असतो. तेव्हा क्रम लावावाच लागतो. आपण लावला नाही, तर जो मोठ्याने बोलतो तो लावतो.

हद्द कागदावर, पाणी जमिनीवर

आमचा हा पट्टा मोठा विचित्र होऊन बसला आहे. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तेव्हा आजूबाजूला जोंधळ्याची आणि बाजरीची राने होती. मग औद्योगिक विकास महामंडळ आले, मोठमोठे मोटार कारखाने आले. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. पुढे कारखानदारी नाशिक रस्त्याने सरकत चाकणपर्यंत पोचली. निघोजे, महाळुंगे, कुरुळी, नाणेकरवाडी, खराबवाडी ही कांद्या-बटाट्याची गावे. आज तिथे शेतापेक्षा भाड्याच्या खोल्या जास्त पिकतात.

आता इंद्रायणी पाहा. लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावते, मावळातून देहूला येते. पुढे एका तीरावर चिखली, मोशी, चऱ्होली, म्हणजे महापालिका. दुसऱ्या तीरावर निघोजे, कुरुळी, चिंबळी, म्हणजे खेड तालुक्यातल्या ग्रामपंचायती. मग आळंदीची नगरपरिषद. शेवटी तुळापूरला ती भीमेला मिळते. एका नदीला इतके धनी! ज्या पाण्यात वारकरी श्रद्धेने बुडी मारतो, त्या पाण्यावर अलीकडच्या वर्षांत आळंदीला पांढरा फेस तरंगताना साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. फेस कुणाच्या हद्दीतून निघाला यावर वाद घालता येतो. तो कुणाच्या पोटात जातो याला मात्र हद्द नाही.

जानेवारी २०२५ मध्ये पुणे परिसरात गिया बारी सिंड्रोम (जीबीएस) या आजाराची साथ आली, ती अनेकांना आठवत असेल. हातापायांतली शक्ती जाणारा हा आजार. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला आणि सगळ्यांची बोटे पाण्याकडे वळली. रुग्णांची यादी जाहीर होई तेव्हा त्यात असे रकाने असत: पुणे महापालिका, नव्याने समाविष्ट झालेली गावे, पिंपरी-चिंचवड महापालिका आणि पुणे ग्रामीण. रकाने अनेक, पण आजार एकच.

आम्ही पाणलोटाच्या कामात 'माथा ते पायथा' असे म्हणतो. वरच्या शेतकऱ्याने बांध घातला नाही, तर खालच्याची माती वाहून जाते. त्याने कितीही चांगली मशागत केली तरी त्याचा इलाज नाही. आरोग्याचेही पाणलोट क्षेत्र असते. तेव्हा आखूड फळी शोधायची ती आपल्या गावापुरती पाहून भागत नाही. शेजारच्या पाच-पंचवीस गावांनी आणि शहराने ती मिळून शोधावी लागते.

मोजलेच नाही त्याची यादी कशी करणार?

इथे एक मोठी अडचण आहे. सरकारी नियमाप्रमाणे सपाटीच्या भागात ५,००० लोकवस्तीला एक आरोग्य उपकेंद्र आणि ३०,००० वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. पण वस्ती धरायची कुठली? २०११ ची जनगणना झाली, त्यानंतरची २०२१ मध्ये व्हायची ती लांबली. या मधल्या वर्षांत आमच्या पट्ट्यातल्या गावांत गाववाल्यांपेक्षा भाडेकरू जास्त झाले. विदर्भ-मराठवाड्यातले, बिहार-उत्तर प्रदेशातले, ओडिशातले. त्यांचे नाव मतदारयादीत नाही, म्हणून ते ग्रामसभेत नाहीत. ग्रामसभेत नाहीत, म्हणून त्यांचे दुखणे यादीत नाही. आणि त्यांच्या बायका गरोदरपणी नाव कुठे नोंदवायचे हे विचारत फिरतात.

काही मंडळी म्हणतात, "ते काय, आज आहेत, उद्या जातील." बाबांनो, त्यांच्या भाड्यावर आपली घरे चालतात, आणि त्यांच्या संडासाचे पाणी आपल्या विहिरीत झिरपते. वरच्या गोष्टीतली साथ चाळीत सुरू झाली आणि गावठाणात आली, हे विसरू नका. शेजाऱ्याच्या शेतातली अळी आपल्या बांधावर थांबत नाही.

तिघांनी वाट दाखवली

ही वाट आपल्या महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे पतिपत्नी अमेरिकेत शिकून १९७० मध्ये अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या जामखेडला आले. डॉक्टर म्हणून त्यांना औषधोपचार करायचे होते. पण लोकांशी बोलल्यावर कळले, की लोकांची पहिली गरज अन्न आणि पाणी ही आहे. दुष्काळाचे दिवस होते. आरोळ्यांनी आपली यादी बाजूला ठेवली आणि लोकांची यादी हाती घेतली. हातपंप बसवले, आणि तेही दलित वस्तीत, म्हणजे साऱ्या गावाला एकाच पाण्यावर यावे लागले. पाणी स्वच्छ झाले तशी निम्मी दुखणी उगमालाच अडली. गावातल्या अडाणी समजल्या जाणाऱ्या बायकांनाच त्यांनी आरोग्यसेविका केले. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे देशोदेशीचे लोक जामखेड पाहायला येऊ लागले.

पण नुसते विचारूनही सगळे कळत नाही, हे गडचिरोलीने शिकवले. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होते. आणि त्यापूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. म्हणजे दुखणे घरोघर होते, पण बोलायची सोय नव्हती. अशा गावात हात वर करून मतदान घेतले असते, तर ते दुखणे यादीत कधी आलेच नसते.

तिसरे उदाहरण आमच्या अगदी उंबऱ्याशी आहे. इंद्रायणी भीमेला मिळते त्या तुळापूरच्या पलीकडे शिरूर तालुक्यात वढू बुद्रुक आहे. संभाजी महाराजांच्या समाधीमुळे सर्वांना ठाऊक. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७०च्या दशकात तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला आणि गावातल्याच बायका-पुरुषांना आरोग्याचे शिक्षण दिले. १९९३ मध्ये त्यांनाही मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वढूच्या परिसरात २००२ पासून २२ गावांमधल्या घराघराची नोंद ठेवली जाते. जन्म किती, मृत्यू किती आणि कशाने, कोण गाव सोडून गेले, कोण नवे राहायला आले. लहान मुलांच्या जुलाबावरची रोटाव्हायरसची देशी लस देशात ज्या तीन ठिकाणी तपासली गेली, त्यांत पुण्याकडचे ठिकाण वढूचे होते. २०१६ पासून ती लस राष्ट्रीय लसीकरणात आली.

याच भागातल्या गावांत पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने जुनाट श्वासविकाराचा अभ्यास केला. त्यात दिसले, की असे बहुतेक रुग्ण आयुष्यात कधी विडी-सिगारेट न ओढलेले होते. मग छाती कशाने गेली? चुलीचा धूर हे त्याचे एक मोठे कारण. तोपर्यंत खोकणाऱ्या म्हातारीला 'वय झाले' म्हणून गप्प करीत. मोजल्यावर कळले, की हे वय नव्हे, चूल आहे.

जामखेडने ऐकायला शिकवले, गडचिरोलीने न बोललेले तपासायला शिकवले, वढूने मोजायला शिकवले. क्रम लावायचा तर तिन्ही हवे.

चिंचोक्यांची सभा

साथ ओसरल्यावर त्या गावात आम्ही काय केले ते सांगतो. आशाताई, अंगणवाडीच्या बाई, दोन शिक्षक आणि मी असे पाच जण होतो. पीक नियोजनाच्या बैठकीत आम्ही बिया मांडून शेतकऱ्यांची पसंती काढतो. तीच रीत इथे वापरली. जाड कागदावर चित्रे काढली: हापसा, गटार, मोटारसायकलचा अपघात, डास, दारूची बाटली, थकलेली बाई, साखरेचा आजार, फवारणीचा पंप, पाठदुखी, साप. प्रत्येकाच्या हातात पाच चिंचोके दिले. ज्या दुखण्याचा तुम्हाला सर्वात जास्त त्रास, त्या चित्रावर चिंचोके ठेवायचे. पाचही एकावर ठेवा, नाहीतर वाटून ठेवा. अक्षरओळख लागत नाही आणि कुणासमोर बोलावेही लागत नाही.

एकच मोठी सभा घेतली नाही. बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी आणि रविवारी चाळीत भाडेकरूंची वेगळी. तिन्ही सभांतले ढीग पाहून आम्ही चकित झालो. पुरुषांचा मोठा ढीग रस्त्यावरच्या अपघातावर आणि साखरेच्या आजारावर. बायकांचा हापसा-गटारावर, त्याखालोखाल थकलेल्या बाईवर आणि बाटलीवर. चाळीत पाणी आणि संडास. शिवाय एक जण म्हणाला, "साहेब, प्रेस मशीनमध्ये बोट गेलं त्याचं चित्र तुम्ही काढलंच नाही." त्याचे म्हणणे खरे होते. आम्ही लगेच काढले, आणि त्यावरही चिंचोके पडले.

एकाच गावात तीन गावे राहतात हे मला त्या दिवशी कळले. ग्रामसभेत त्यांतले एकच बोलत होते.

त्यानंतर चिंचोक्यांच्या शेजारी आम्ही आशाताईंची वही आणि आरोग्य केंद्राचे आकडे ठेवले. रक्त कमी असणे हे कुणाला आजारच वाटत नाही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला. बायकांनी 'थकलेली बाई' या चित्रावर चिंचोके ठेवले, ते उगीच नव्हते. ब्लडप्रेशरचेही तसेच, दुखत नाही म्हणून दिसत नाही. चिंचोके मनातले सांगतात, वही अंगातले सांगते. दोन्ही जुळवून पाहावे.

चार प्रश्न, तीन वाफे

मग प्रत्येक दुखण्याला चार प्रश्न विचारले. हे प्रश्न कुठल्याही गावाला चालतील.

१. किती माणसांना होते? त्यात लेकरे, गरोदर बाया आणि म्हातारी किती?

२. किती घातक आहे? नुसता त्रास होतो, की जीव, हात-पाय, रोजगार जातो?

३. उपाय ठाऊक आहे का, आणि तो आपल्या खर्चात बसतो का?

४. एकट्या घराला जमेल, एकट्या गावाला जमेल, की शेजारची गावे लागतील?

चौथा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. त्याने यादीचे तीन वाफे पडतात. पहिला वाफा घरचा. फवारणी करताना तोंडाला फडके बांधणे, वाऱ्याच्या दिशेने उभे राहणे, रिकाम्या डब्या पाण्याला न वापरणे, पाणी साठवण्याची भांडी आठवड्यातून एकदा कोरडी करणे, लोहाच्या गोळ्या न चुकता खाणे. याला ठराव लागत नाही. दुसरा वाफा गावचा. हापशाचा ओटा, गटाराचे पाइप, टाकी धुणे, पाण्यात टीसीएल पावडर टाकणे. तिसरा वाफा खोऱ्याचा. नदी-ओढ्यात येणारे वरचे सांडपाणी, चाकण-तळेगाव-शिक्रापूर रस्त्यावरचे अपघात आणि भाडेकरूंची नोंद. ही कामे कोणतेही एक गाव करू शकत नाही.

आजवर आमची गफलत अशी होत होती, की घरचे काम आम्ही सरकारवर ढकलत होतो आणि खोऱ्याचे काम एकट्याने करायला जात होतो. दोन्ही ठिकाणी हात रिकामेच.

टीसीएलचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट कानात सांगतो. पावडर टाकली म्हणजे पाणी शुद्ध झाले असे नाही. पावडर जुनी असेल, ओलसर खोलीत पडली असेल, तर तिचा जोर जातो. २० टक्क्यांहून कमी क्लोरीन असलेली पावडर वापरू नये. टाकल्यावर अर्धा तास थांबावे आणि मग नळाच्या सर्वात शेवटच्या टोकाला ओटी टेस्ट घ्यावी. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन पोचले. टाकीपाशी पिवळे आणि शेवटच्या घरी पांढरे, म्हणजे मध्ये पाइप कुठेतरी फुटलेला असू शकतो आणि तिथून घाण आत येत असू शकते. जलसुरक्षकाला हे माहीत असते, फक्त त्याला विचारणारा कुणी पाहिजे. गावाच्या पाण्याच्या पाहणीत लाल, पिवळे की हिरवे कार्ड मिळाले, हेही ग्रामपंचायतीत विचारा. ज्या गावाला सलग पाच वर्षे हिरवे, त्याला चंदेरी कार्ड मिळते. लाल कार्ड असेल, तर दुसऱ्या कुठल्याही यादीला हात लावण्याआधी ते लाल कार्ड घ्या.

पैसा आहे, तोंडे वेगळी आहेत

'हे सगळे खरे, पण पैसा?' हा प्रश्न ठरलेला. पैसा नाही असे नाही, तो वेगवेगळ्या वाटांनी येतो आणि वेगवेगळ्या वाटांनी जातो. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हापासून गावोगाव आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे. तिला थोडा का होईना बंधनमुक्त निधी ठेवलेला आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींच्या निधीतला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवला होता. आणि आमच्या पट्ट्यात तर कारखाने. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठराविक नफ्यावरच्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के समाजकार्याला खर्चावे लागतात. त्यात आरोग्य, स्वच्छता, पिण्याचे पाणी ही कामे बसतात.

पण होते काय? एक गाव कंपनीकडे कमान मागते, दुसरे बाकडी मागते, तिसरे शववाहिनी मागते. कंपनीचा माणूस म्हणतो, घ्या. फोटो निघतो. हीच गावे एकत्र बसली, तीन कामे ठरवली आणि एका अर्जावर सगळ्यांचे ठराव जोडून गेली, तर कंपनी असो, जिल्हा परिषद असो की महापालिका, त्यांना ऐकणे भाग पडते. एकट्याची मागणी म्हणजे विनंती. पंचवीस गावांची मागणी म्हणजे नियोजन.

आणि ठरवून गप्प बसायचे नाही. २००७ मध्ये आपल्या राज्यात पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकांनी देखरेख ठेवण्याचे काम सुरू झाले, त्यात पुणे जिल्हाही होता. गावच्या समित्यांनी दवाखान्याच्या कामाला हिरवा, पिवळा, लाल असे रंग दिले. जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर उभे राहून प्रश्न विचारले. १९७८ मध्ये अल्मा-आटा येथे जगातल्या देशांनी जाहीरनामा केला, त्यातही हेच म्हटले आहे: आपल्या आरोग्यसेवेच्या नियोजनात भाग घेणे हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही. आपण हक्काचे भांडतो, पण कर्तव्याच्या सभेला उशिरा जातो.

पुढे काय झाले

त्या गावाने पहिले काम गटाराचे घेतले. पाइप टाकून ते हापशापासून दूर नेले. ओटा दुरुस्त होईपर्यंत हापशाला लाल रंग मारून बंद ठेवला. चाळीच्या मालकांना बोलावून संडासाच्या टाक्या नीट करायला लावल्या. त्यावरून भाऊबंदकीत तंटा झाला, तोही मिटला. आशाताईंनी चाळीतल्या गरोदर बायांची आणि लसीच्या लेकरांची वेगळी वही केली. पुढच्या पावसाळ्यात साथ आली नाही. पण एका पावसाळ्यावरून निष्कर्ष काढू नये, हे शेतीनेच शिकवले आहे.

ओढ्याचे काम अजून राहिले आहे. वरच्या गावांतून पाणी तसेच येते. ती गावे आणि खालची गावे आता निदान एका सतरंजीवर बसली, चिंचोके मांडून झाले, आणि सगळ्यांच्या ठरावात ओढा पहिला आला. तालुक्याला अर्ज गेला आहे. पाठपुरावा चालू आहे. वेळ लागेल. आंबा लावला की लगेच फळ मागत नाहीत.

तुमच्या गावात हे करायचे असेल, तर मुहूर्त पाहू नका. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभा आपल्या अंगवळणी पडल्या आहेत. त्याआधी महिलांची सभा घेण्याचा नियम आहे, ती कागदावर उरकू देऊ नका. तिथेच चिंचोके वाटा. चाळीतल्या लोकांना रविवारी त्यांच्याच अंगणात भेटा. आशाताईंची वही शेजारी ठेवा. चार प्रश्न विचारा, तीन वाफे पाडा. गावच्या वाफ्यातली फक्त तीन कामे घ्या, आणि प्रत्येकासमोर नाव आणि तारीख लिहा: कुणी करायचे, कधीपर्यंत. ती यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवा. खोऱ्याच्या वाफ्यातले काम घेऊन मात्र एकटे जाऊ नका. शेजारच्या गावाला सोबत घ्या, ते पलीकडच्या तीरावरचे महापालिकेतले असले तरीही.

परवा पुन्हा त्या गावच्या ग्रामसभेला गेलो होतो. माती परीक्षणाच्या पत्रिका घेऊनच. विषयपत्रिका हातात आली. आरोग्याचा विषय शेवटून दुसरा नव्हता, पहिला होता. आजी दाराशी नव्हत्या, पुढे सतरंजीवर बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "सायेब, तुमचा मातीचा इषय आता मागं गेला."

मी म्हटले, "जाऊ द्या आजी. माणूस धडधाकट असला, तर माती थांबते."